मज्जारज्जूत हळू वाढणारी गाठ निघाली, आता काय? नाशिककरांसाठी पायरी-पायरीने

२०१६च्या डिसेंबरात एका सकाळी मी गॅसवरचं दुधाचं पातेलं उजव्या हाताने तसंच खाली उतरवलं. सांडशी नाही, फडकं नाही. चटका बसलाच नाही. दूध गाळलं, डबे भरले, कंपनीची बस पकडून अंबडला गेले. दुपारी कॅन्टीनमध्ये मैत्रीण म्हणाली, "अगं, बोटांना काय झालंय तुझ्या?" तीन बोटांवर टपोरे फोड आले होते. पातेलं हातात आहे हे हाताला कळत होतं, ते तापलेलं आहे हे कळत नव्हतं.

त्याआधी आठ महिने मी कधी फ्रोझन शोल्डर, कधी मानेतली चकती या नावाखाली शेक आणि ट्रॅक्शन घेत होते. जानेवारी २०१७मध्ये एमआरआय झाला आणि मानेत, मज्जारज्जूच्या आत गाठ दिसली. मार्चमध्ये मुंबईत ऑपरेशन झालं. गाठीचा प्रकार एपेंडिमोमा, ग्रेड २ (ग्रेड म्हणजे गाठ किती जोमाने वाढणारी आहे त्याचा आकडा). बरीचशी निघाली. रज्जूला चिकटलेला थोडा भाग सर्जननी मुद्दाम ठेवला, कारण ऑपरेशन चालू असताना हातापायांचे सिग्नल मोजणाऱ्या यंत्रावर डाव्या पायाचा सिग्नल पडायला लागला होता. तो उरलेला तुकडा अजून माझ्याबरोबर आहे. आतापर्यंत बारा एमआरआय झाले.

मी डॉक्टर नाही. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर व्हर्नियर घेऊन पार्ट मोजते. पण या आजारात डॉक्टरांनी "वेट अँड वॉच" (आत्ता काही करू नका, लक्ष ठेवा) म्हटल्यावर मोजणं हेच मुख्य काम उरतं आणि ते कसं करायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. गाठ नुकतीच सापडलेल्यांना आणि ऑपरेशननंतर थोडी उरलेल्यांनाही उपयोगी पडेल.

१. रिपोर्टमधला गाठीचा पत्ता वाचायला शिका

"मणक्यात गाठ" असं सगळे म्हणतात, पण मणका म्हणजे हाड. मज्जारज्जू त्या हाडांच्या पोकळीतून जातो, जाडीला साधारण करंगळीएवढा. त्याच्याभोवती आवरण असतं. गाठ कुठल्या थरात आहे यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं.

रिपोर्टात "इंट्रामेड्युलरी" लिहिलं असेल तर गाठ रज्जूच्या आत आहे. मोठ्या माणसांत इथे बहुधा एपेंडिमोमा असतो, त्याखालोखाल अॅस्ट्रोसायटोमा. "इंट्राड्युरल एक्स्ट्रामेड्युलरी" म्हणजे आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर. इथे श्वानोमा (नसेच्या वेष्टणाची गाठ) आणि मेनिन्जिओमा (आवरणाची गाठ) हे नेहमीचे पाहुणे. "एक्स्ट्राड्युरल" म्हणजे आवरणाच्याही बाहेर. ती गोष्ट बऱ्याचदा वेगळ्याच वाटेने जाते, कारण तिथली गाठ शरीरात दुसरीकडून आलेली असू शकते. हा लेख पहिल्या दोन प्रकारांबद्दल आहे.

मग आकडा. सी म्हणजे मान (मणके ७), डी म्हणजे पाठ (१२, काही रिपोर्टात डीऐवजी टी असतं), एल म्हणजे कंबर (५). रज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याखाली नुसता नसांचा जुडगा. माझी गाठ सी-५ ते सी-७, म्हणून हातही गेले आणि पायही अडखळले. गाठ डी-८ला असेल तर हात शाबूत राहतात.

आणखी दोन शब्द. "सिरिंक्स" म्हणजे रज्जूत साठलेल्या पाण्याची पोकळी. ती गाठ नव्हे, तिचं माप वेगळं लिहिलेलं असतं. दोन्ही मापं एकत्र वाचून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत, त्यांत मीही होते. "एन्हान्समेंट" म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर उजळणारा भाग.

ग्रेड मात्र एमआरआयवरून ठरत नाही, फक्त अंदाज बांधता येतो. पक्कं उत्तर तुकडा तपासल्यावरच मिळतं. आणि "बिनाइन (म्हणजे कॅन्सरची नसलेली) आहे, मग काय चिंता" असं म्हणणाऱ्यांना सांगा की करंगळीएवढ्या जागेत साध्या गाठीलाही सरकायला वाव नसतो.

गाठी एकापेक्षा जास्त असतील किंवा घरात कोणाला मेंदूत, कानाच्या नसेवर, डोळ्याच्या पडद्यावर किंवा मूत्रपिंडात गाठ निघाली असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा. काही गाठी आनुवंशिक आजारांचा भाग असतात आणि मग बघण्याची यादीच बदलते.

२. डॉक्टर ठरवा, आणि दोन ठरवा

न्यूरोसर्जनच हवा, आणि त्यातही मज्जारज्जूच्या गाठी नेहमी करणारा. पहिल्याच भेटीत सरळ विचारा: "अशा किती केसेस वर्षाला करता?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

नाशिकमध्ये आता न्यूरोसर्जन बरेच आहेत. मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत पाट्या वाचत गेलात तरी कळेल. माझी वाटणी अशी: दर चार-सहा महिन्यांची तपासणी, गोळ्या, अडीअडचण नाशिकच्या न्यूरोलॉजिस्टकडे; मोठा निर्णय मुंबईच्या सर्जनकडे. पहाटे उठून नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, दादरला उतरायचं, ओपीडी करून संध्याकाळच्या पंचवटीने परत. परळची केईएम आणि टाटा मेमोरियल दादरपासून जवळ आहेत. सरकारी ओपीडीत पहिला दिवस केस पेपर काढण्यातच जातो हे धरून चला.

दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. मात्र दुसरं मत म्हणजे दुसरं, सातवं नव्हे. एका ओळखीच्या काकांनी सात डॉक्टर केले. सातांची सात मतं पडली आणि त्या गडबडीत दीड वर्ष गेलं.

भेटीत हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- आत्ता ऑपरेशन न करण्याचं नेमकं कारण काय?
- काय दिसलं किंवा काय झालं की तुम्ही ऑपरेशन करा म्हणाल?
- पुढचा एमआरआय कधी, फक्त या भागाचा की पूर्ण पाठीचा, कॉन्ट्रास्टसह की विना?
- रेडिएशनचा (किरणांच्या उपचाराचा) विचार कधी करतात?
- रात्री काही झालं तर फोन कोणाला?

दुसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. त्याचं उत्तर डॉक्टरांच्या समोर लिहून घ्या. रेषा कुठे आहे हे माहीत असलं की दर वेळी हातापायाला मुंग्या आल्यावर ती रेषा ओलांडली असं वाटत नाही.

३. फाइल बांधा

माझी जाडजूड निळी बॉक्स फाइल आहे, हिशेबाची असते तशी. तिच्यात:

- प्रत्येक एमआरआयची सीडी, आणि तिची पेनड्राइव्हवर कॉपी
- प्रत्येक छापील रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने, सगळ्यांत जुना वर
- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची सविस्तर नोट (ही मागावी लागते, आपोआप देत नाहीत)
- पॅथॉलॉजीचा रिपोर्ट
- मणक्यात स्क्रू-प्लेट बसवली असेल तर तिचं स्टिकर किंवा कार्ड
- ताजा क्रिएटिनिन रिपोर्ट (मूत्रपिंडाचं काम बघणारी रक्ततपासणी)
- चालू गोळ्यांची यादी, डोससकट
- आधार, रेशनकार्ड, विम्याचं कार्ड, यांच्या झेरॉक्स

सापळा पहिला: फिल्म जपून ठेवतात आणि सीडी हरवतात. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर सगळी. तुलना सीडीवरूनच होते. घरी आल्या आल्या सीडी उघडते का बघा. माझी एक कोरी निघाली होती. हल्ली काही सेंटर नुसती लिंक पाठवतात. ती काही दिवसांनी बंद पडू शकते, तेव्हा लगेच डाउनलोड करा.

सापळा दुसरा: ऑपरेशन झालं असेल तर तुमच्या गाठीचा मेणातला तुकडा, म्हणजे ब्लॉक, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतो. तो कायम ठेवत नाहीत. अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागता येतात. पुढे नवी चाचणी करायची झाली तर तोच लागतो. माझा ब्लॉक छोट्या डबीत, कपाटात दागिन्यांच्या शेजारी आहे. सासूबाईंना ही जागा अजिबात पसंत नाही.

४. एमआरआयचा दिवस

आधी रक्त: कॉन्ट्रास्टचं औषध (गॅडोलिनियम) मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन मागतात. सेंटरला किती दिवसांपूर्वीचा चालतो ते फोनवर विचारा. बरीच सेंटरं कॉन्ट्रास्टआधी चार तास काही खाऊ नका म्हणतात. मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागा. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या असतील, तर आधीच सांगा.

मग धातू. पेसमेकर, कानातलं यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप, जुना छर्रा असलं काहीही असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच बोला. बायकांनो, मंगळसूत्र आणि बांगड्या आठवतात, जोडवी विसरतात आणि साडीच्या टाचण्या हमखास विसरतात. जोडवी वर्षानुवर्षं न काढल्याने बसलेली असतात. आदल्या रात्री साबण लावून काढा, सेंटरच्या बाथरूममध्ये धडपडत बसू नका. मी सरळ नाडीचा कॉटनचा पायजमा घालून जाते.

मशीन आवाज फार करतं. कानात बोळे देतात, हातात रबरी फुगा देतात. घाबरलात तर तो दाबायचा. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे वारंवार केल्याने रेडिएशन साठतं ही भीती मनातून काढा. पूर्ण पाठीचा कॉन्ट्रास्टसह असेल तर तासभर धरून चला. बंद जागेची भीती असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, सौम्य गोळी देतात. मग गाडी चालवत घरी येऊ नका.

मानेच्या गाठवाल्यांसाठी खास: खडखडाट चालू असताना गिळू नका. गिळताना गळा हलतो आणि चित्र पुसट होतं. आवाज थांबतो त्या मधल्या शांततेत गिळा. हे मला पाचव्या एमआरआयला एका तंत्रज्ञ पोराने सांगितलं. आधीच्या चार चित्रांतली दोन त्यामुळेच धुरकट होती.

आणि शेवटचं: शक्यतो दर वेळी तेच सेंटर, तेच मशीन, तीच पद्धत. डॉक्टरांची चिठ्ठी जशीच्या तशी द्या, जुनी सीडी बरोबर न्या आणि "जुन्याशी तुलना करून रिपोर्ट लिहा" असं काउंटरवर सांगा. न सांगता तुलना होईलच असं नाही.

५. रिपोर्ट हातात आला: कशाशी तुलना?

या पायरीसाठीच मी मुळात लिहायला बसले.

२०१९मध्ये आमचं नेहमीचं सेंटर बंद होतं म्हणून दुसरीकडे एमआरआय केला. रिपोर्टात लांबी १७ मिलिमीटर. आधीच्या रिपोर्टात १४. तीन मिलिमीटर! मी ते घरी सांगितलं नाही. दोन रात्री झोपले नाही, तिसऱ्या दिवशी पंचवटी पकडली. सर्जननी दोन्ही सीडी शेजारी-शेजारी लावल्या, स्वतः कर्सर ओढून मोजलं आणि म्हणाले, "ताई, यांनी तिरकं मोजलंय. आणि कडेचा जुना व्रणसुद्धा गाठीत धरलाय. गाठ तेवढीच आहे."

मला स्वतःचीच लाज वाटली, कारण हे तर माझ्या रोजच्या कामातलं. एकच पार्ट दोन जणांनी दोन उपकरणांनी मोजला की दोन आकडे येतात. एमआरआयची चित्रं म्हणजे पावाच्या कापांसारखे काप असतात, एकेक काप बहुतेक तीनेक मिलिमीटरचा. गाठीचं टोक कापाच्या कुठे पडलं, माणूस मशीनमध्ये किती तिरका झोपला, यावर एक-दोन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. तेव्हा आकडा वाचून लगेच घाबरायचं नाही आणि हायसंही वाटून घ्यायचं नाही. चित्रं शेजारी लावून ज्या सर्जनने बघितली, त्याचं म्हणणं धरायचं.

उलटा सापळा याहून वाईट, कारण तो गोड लागतो. रिपोर्ट लिहिणारे बहुधा फक्त मागच्या एमआरआयशी तुलना करतात. "नो सिग्निफिकंट इंटरव्हल चेंज," म्हणजे मागच्या वेळेपासून लक्षात घेण्यासारखा फरक नाही. दर वर्षी तेच वाक्य आणि दर वर्षी आपण पेढे वाटायचे. पण गाठ जर वर्षाला अर्धा मिलिमीटर वाढत असेल, तर ती कुठल्याच वर्षी दिसणार नाही. दर वेळी मोजमापाच्या चुकीत लपून जाईल.

कारखान्यात हेच डायच्या, म्हणजे पार्ट घडवणाऱ्या साच्याच्या, झिजेचं होतं. आजचा पार्ट कालच्या पार्टशी लावला की बरोबर. कालचा परवाच्याशी बरोबर. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून पूर्ण लॉट परत येतो. म्हणून आम्ही पहिला मंजूर पार्ट, मास्टर पीस, तेल लावून कपाटात ठेवतो आणि त्याच्याशीच लावून बघतो.

तुमचा मास्टर पीस म्हणजे तुमचा पहिला चांगला एमआरआय. ऑपरेशन झालेलं असेल तर ऑपरेशननंतर सूज उतरल्यावरचा पहिला; माझा जून २०१७चा. दर भेटीला तीन सीडी न्या: आजची, मागची आणि ती. आणि सर्जनना सांगा, "सर, पहिल्याशी पण लावून बघा." २०२२मध्ये असं लावल्यावर माझ्या तुकड्याची लांबी पाच वर्षांत साधारण दोन मिलिमीटर वाढल्याचं दिसलं. मधल्या एकाही रिपोर्टात वाढ लिहिलेली नव्हती. ताकद, चालणं, लघवी सगळं जागच्या जागी असल्याने तेव्हा काही करायचं नाही असंच ठरलं, फक्त पूर्वी ठरवलेली रेषा पुन्हा एकदा लिहून घेतली.

किती महिन्यांनी एमआरआय करायचा हे गाठीचा प्रकार आणि तिची वागणूक बघून डॉक्टर ठरवतात. माझा क्रम आधी तीन महिन्यांनी, मग सहा-सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा असा आला. तुमचा वेगळा असेल. एपेंडिमोमा पाठीतल्या पाण्यावाटे दुसरीकडे जाऊ शकतो, म्हणून अधूनमधून पूर्ण पाठ आणि डोकंही बघतात. त्याने दचकू नका.

६. घरची मोजणी

एमआरआय वर्षातून एकदा. उरलेले ३६४ दिवस मशीन म्हणजे तुम्ही. पण रोज मोजाल तर वेड लागेल, हे मी करून पाहिलं आहे. महिन्यातून एकदाच मोजा. मी पहिल्या रविवारी, आंघोळीनंतर, चहाच्या आधी मोजते. वही साधी, दोनशे पानी.

१. ब्लाउजचे पाच हूक आरशात न बघता लावायला किती सेकंद लागतात.
२. सही, दहा वेळा, तारीख घालून. पान चाळलं की कळतं. मार्च २०१७च्या पानावर माझ्या आडनावातला "र" ओळीखाली घसरलेला आहे, आता तो वर आला आहे.
३. डोळे मिटून पिशवीतून एक रुपया आणि दोन रुपये वेगळे काढणं.
४. पायाच्या अंगठ्याला टाच लावत सरळ रेषेत दहा पावलं. फरशीची सांध ही माझी रेषा.
५. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर एक फेरी, घड्याळ लावून. त्याच चपला.
६. लघवी: रात्री किती वेळा उठले, सुरू व्हायला वेळ लागतो का, झाल्यावर उरल्यासारखं वाटतं का.
७. कोमट आणि गार पाण्याच्या दोन वाट्या, दोन्ही हात आळीपाळीने, डोळे मिटून. ही परीक्षा घरातल्या दुसऱ्याने घ्यायची.

एका महिन्याचा आकडा बिघडला तर काही नाही. झोप, ताप, पाळी, थंडी सगळ्याने बिघडतो. सलग दोन महिने एकाच दिशेने घसरला तर डॉक्टरांना फोन. अशी वही दाखवली की डॉक्टरांचा सूरच बदलतो. "जरा जड वाटतं" याला ते मान डोलावतात. "हुकांना ४० सेकंद लागायचे, आता ७० लागतात" याला ते लगेच रिफ्लेक्स तपासायचा हातोडा काढतात.

तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर बेसिनपाशी तोल जात असेल, किंवा मान पुढे वाकवल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं होत असेल, तर तेही वहीत लिहा. दोन्हीला वैद्यकीय महत्त्व आहे.

७. रोजचं जगणं

ऊन-गार कळत नसेल तर घरात नियम करा. गिझरचं पाणी ज्या हाताला कळतं त्याने किंवा कोपराने बघायचं. चुलीपाशी दोन्ही हातांत जाड पकड. थंडीत शेकोटीपासून लांब. नाशिकची जानेवारीतली थंडी पाय आखडवते आणि शेकायचा मोह होतो, पण भाजलेलं कळत नाही. त्यापेक्षा लोकरी मोजे घाला. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणं तर विसराच.

पडण्याची जागा ओळखा. माझ्या यादीत रामकुंडावरच्या शेवाळलेल्या पायऱ्या पहिल्या, पावसाळ्यातल्या खोदलेल्या रस्त्याच्या कडा दुसऱ्या. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा.

नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन अशा गोळ्या देतात. सुरुवातीला झोप आणतात, म्हणून पहिले काही दिवस दुचाकी नको. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवायच्या असतात.

फिजिओथेरपी करा, पण रिपोर्ट दाखवून. आणि मान "कडकन् मोडून" देणारे, पाठीवर पाय देणारे, मणका बसवून देणारे यांच्यापासून चार हात लांब राहा. कितीही नामांकित असोत. आत गाठ असताना हाडाला दिलेला झटका रज्जूला महागात पडू शकतो. आमच्या जाऊबाई मला एकाकडे घेऊन जायला गाडी काढून तयार होत्या. मी गाडीत बसले आणि त्यांना मिसळ खाऊ घालून परत आणलं.

८. वही बाजूला ठेवून त्याच दिवशी निघा

- लघवी अडली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला
- सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला
- हात किंवा पाय काही तासांत, एक-दोन दिवसांत लुळा पडत चालला
- पाठीत किंवा मानेत अचानक जबर कळ, आणि त्यासोबत अशक्तपणा
- ऑपरेशननंतर जखमेतून पाण्यासारखा स्राव, ताप, मान ताठ

यात "सकाळी बघू" नाही. १०८ला फोन करा किंवा जिथे रात्री एमआरआय आणि न्यूरोसर्जन दोन्ही मिळतात अशा ठिकाणी जा. ते ठिकाण कोणतं हे आजच, बरं असताना चौकशी करून फ्रिजवर चिकटवून ठेवा. रिकाम्या हाताने निघू नका. निळी फाइल घ्या.

९. पैसे आणि कागद

नेहमीच्या ओपीडीतला एमआरआय बहुतेक विमा पॉलिसींत बसत नाही, भरती झालात तरच बसतो. तेव्हा वर्षाच्या एमआरआयचे पैसे वेगळे काढा. मी दिवाळी बोनसमधून काढते.

आजार लपवून पॉलिसी घेऊ नका, दावा तिथेच अडतो. २०२४च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल आणि नोकरी सोडणार असाल, तर सोडण्याआधी ती वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का विचारा, नंतर नाही.

सातपूर-अंबडच्या कामगारांनो, ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, असेल (पगाराची मर्यादा सध्या २१,००० रुपये) तर तिथून रेफर होऊन मोठे उपचार मिळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ती मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. भरती होण्याआधी त्याला भेटा, बिल झाल्यावर भेटून उपयोग नाही.

हात-पाय कायमचे अधू झाले असतील तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करा; तपासणीला त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जावं लागतं. बहुतेक सवलती ४० टक्के दिव्यांगत्वापासून सुरू होतात. बोर्डापुढे "मी सगळं करते हो" असा बाणेदारपणा दाखवू नका. मी दाखवला होता, टक्के कमी मिळाले.

१०. लोकांना काय सांगायचं

थोडकं. "मानेत एक गाठ आहे, हळू वाढते, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत." बस. "मग काढून का टाकत नाहीत?" हा प्रश्न येणारच. मी विचारते, "भिंतीतली वायर जळालेली नसताना भिंत फोडाल का?" उत्तर अर्धवट आहे, पण विषय बदलतो. ऑफिसात साहेबांना मात्र खरं सांगा, जड उचलण्याचं आणि शिडीचं काम टाळून मिळतं.

रिपोर्टच्या आधीचा आठवडा सगळ्यांचा वाईट जातो. त्या आठवड्यात हात जास्त बधिर वाटतो, पाय जास्त जड वाटतो. म्हणून त्या आठवड्यात वही उघडायची नाही असा माझा नियम आहे. एमआरआय आणि डॉक्टरांची भेट यांत चार दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. रिपोर्ट एकट्याने वाचत बसायला तेवढे दिवसही पुष्कळ होतात.

भेट संपवून बाहेर आलात की तिथेच बाकावर बसून पुढची तारीख मोबाइलमध्ये टाका, घरी आल्यावर कॅलेंडरवर लिहा. आणि तिच्या तीन आठवडे आधीच्या चौकोनात लिहा: क्रिएटिनिन, सेंटरला फोन, रेल्वेचं तिकीट, जून २०१७ची सीडी उघडते का बघणे.